लेसरचा प्रकाश इतका शिस्तीचा, तर त्यातला नॉइज येतो कोठून?

मृगजळ (विलेपार्ले)

नमस्कार. मी मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका महाविद्यालयात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी आमच्या गटाला हेलियम-निऑन लेसर मिळाला आहे. त्याची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, शक्ती २ मिलिवॅट आणि नळी जेमतेम एक फुटाची आहे. काम तसे साधे होते. लेसरपुढे पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पलीकडे जाऊ देणारी चकती) ठेवायचा, तो पाच-पाच अंशांनी फिरवायचा आणि पलीकडे पोहोचणारा प्रकाश फोटोडायोडने मोजून मॅलसचा नियम, म्हणजे कोनाप्रमाणे तो प्रकाश कसा बदलतो, हे पडताळायचे. परंतु पोलरायझरला हात न लावताही वाचन बदलत राहिले, आणि गेले तीन आठवडे आम्ही नियम बाजूला ठेवून या बदलाच्याच मागे लागलो आहोत.

मांडणी अशी आहे. फोटोडायोडला ९ व्होल्टच्या बॅटरीने रिव्हर्स बायस दिला आहे, त्याच्याशी १ किलोओहमचा रेझिस्टर जोडला आहे आणि त्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज एक मीटर लांबीच्या कोॲक्सियल केबलने ऑसिलोस्कोपवर घेतला आहे. पोलरायझर काढला की सुमारे ०.८ व्होल्ट मिळतात. स्कोप दर घराला २०० मिलिव्होल्टवर ठेवलेला असतो.

आता जे दिसते ते सांगते. पहिले म्हणजे, पोलरायझर लावलेला असताना, लेसर सुरू केल्यापासून पहिली वीस-पंचवीस मिनिटे व्होल्टेज सावकाश वर-खाली होत राहतो. तो ०.१५ व्होल्टपर्यंत उतरतो आणि पुन्हा ०.५ पर्यंत चढतो. सुरुवातीला ही ये-जा काही सेकंदांत होते, पुढे एका फेरीला मिनिटभर आणि त्याहूनही अधिक वेळ लागतो. दुसरे म्हणजे, रेघेवर १०० हर्ट्झची बारीक लाट असते. तिसरे म्हणजे, रेघ स्वतःच जाड दिसते, साधारण १२ मिलिव्होल्ट जाडीची, जणू टोकदार पेन्सिलीऐवजी बोथट खडूने ओढली असावी. याशिवाय लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ६५० नॅनोमीटरचा एक लाल डायोड लेसरही आमच्याकडे आहे. त्याचे वाचन मध्येच एकदम उडी मारते, आणि टेबलाला धक्का लागला की उडी हमखास येते.

आम्हाला असे सांगण्यात आले की जाड रेघ हा प्रकाशाचा क्वांटम नॉइज आहे, म्हणजे प्रकाश फोटॉन नावाच्या सुट्या कणांनी येतो म्हणून होणारी चढउतार, तो काढता येत नाही, तेव्हा त्याचा विचार सोडून द्यावा. मला हे पटत नाही, पण खोडून काढण्याइतके ज्ञानही माझ्याकडे नाही. पाठ्यपुस्तकात लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा, एकाच कलेत, म्हणजे सगळ्या लाटांचे चढ-उतार जुळवून चालणारा असे लिहिलेले असते. मग त्यात नॉइज मुळात निर्माण होतो कोठे? आणि आम्हाला दिसते त्यातले खरोखर प्रकाशात असलेले किती, आणि आमच्या तारा-यंत्रांचे किती? ज्यांनी असे मोजमाप स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_तंत्रज्ञ (मुलुंड)

तुम्ही तीन गोष्टी एकत्र न कालवता वेगवेगळ्या लिहिल्यात, म्हणून उत्तर देणे सोपे झाले आहे. प्रकाश मोजणारी उपकरणे बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो की नॉइजला आधी नाव देऊ नये, तो कशाने बदलतो आणि कशाने बदलत नाही ते आधी पाहावे. नाव आपोआप सापडते. तुम्हाला मिळालेले उत्तर या क्रमाच्या उलट दिलेले आहे.

सावकाश होणारी वर-खाली ये-जा ही तुमच्या निरीक्षणांतली सर्वांत सुंदर गोष्ट आहे, आणि ती बिघाड नाही. तुमची नळी बहुधा ठराविक ध्रुवणाची, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची एकच दिशा राखणारी, नाही. अशा नळीत एकाच वेळी दोन किंवा तीन मोड, म्हणजे आरशांमध्ये नेमक्या बसणाऱ्या वेगवेगळ्या वारंवारतांच्या लाटा, चालू असतात. दोन आरशांमधले अंतर २५ सेंटिमीटर धरले तर शेजारच्या मोडमध्ये ६०० मेगाहर्ट्झचे अंतर पडते, आणि निऑनचा प्रकाश वाढवणारा पट्टा सुमारे १.५ गिगाहर्ट्झ रुंद असल्यामुळे त्यात एवढेच मोड मावतात. शेजारच्या मोडचे ध्रुवण साधारणपणे एकमेकांशी काटकोनात असते. लेसर सुरू केल्यावर नळी तापते आणि काच लांबते. बोरोसिलिकेट काच असेल तर तेवढ्या लांबीत दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.८ मायक्रोमीटर वाढ होते. लांबी वाढली की मोड त्या पट्ट्यावरून सरकत जातात, एक मंदावतो आणि दुसरा उजळतो. लांबी अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे ३१६ नॅनोमीटरने वाढली की एका मोडची जागा त्याचा शेजारी घेतो, पण त्याचे ध्रुवण आडवे असते. त्यामुळे पोलरायझरमधून पाहिल्यास पूर्ण फेरी व्हायला साधारण एक संपूर्ण तरंगलांबी लागते. नळी आधी भराभर तापते आणि नंतर सावकाश, म्हणून फेऱ्या लांबत जातात. एकूण प्रकाश मात्र फारसा बदलत नाही. तो फक्त दोन ध्रुवणांत वाटला जातो, आणि तुमचा पोलरायझर त्यातला एकच वाटा तुम्हाला दाखवतो.

याची खात्री करायला काहीही विकत घ्यावे लागणार नाही. पोलरायझर हळूहळू फिरवत असा कोन शोधा की ज्यावर ही ये-जा जवळपास थांबेल. तो कोन दोन्ही ध्रुवणांपासून ४५ अंशांवर असेल, आणि तेथून ४५ अंश पुढे गेलात की ये-जा सर्वांत मोठी होईल. मॅलसच्या नियमासाठी पहिला पोलरायझर त्याच शांत कोनावर घट्ट बसवा आणि त्यापुढे दुसरा ठेवून तो फिरवा.

१०० हर्ट्झची लाट बहुतेक ट्यूबलाइटची असावी. आपल्याकडचा पुरवठा ५० हर्ट्झचा, आणि चोकवाली जुनी नळी प्रत्येक आवर्तनात दोनदा उजळते. फोटोडायोडच्या तोंडाशी काळ्या कागदाची वीतभर नळकांडी लावा, दिवे बंद करा आणि पुन्हा पाहा. दिवे बंद असतानाही लाट राहिली तरच लेसरच्या वीजपुरवठ्याकडे बोट दाखवावे.

आता जाड रेघ. तुमचा स्कोप सर्वसाधारण ८ बिटचा असेल तर तो संपूर्ण पडद्याचे २५६ भाग करतो. दर घराला २०० मिलिव्होल्ट, अशी आठ घरे, म्हणजे १६०० मिलिव्होल्ट. एक पायरी सव्वासहा मिलिव्होल्टची झाली. तुमची १२ मिलिव्होल्टची जाडी म्हणजे नेमक्या दोन पायऱ्या. फोटोडायोड हाताने झाकून रेघेची जाडी पाहा. ती तेवढीच राहिली तर तिचा प्रकाशाशी काहीही संबंध नाही.

खरा शॉट नॉइज, म्हणजे तुम्हाला सांगितलेला क्वांटम नॉइज, किती असायला हवा, हे पाटीवर काढता येते. वॉल्टर शॉट्कीने १९१८ मध्ये निर्वात नळ्यांतल्या प्रवाहासाठी मांडलेला हिशेब तुमच्या फोटोडायोडलाही तसाच लागू पडतो. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, प्रवाह आणि बँडविड्थ (मांडणी टिपू शकते तो वारंवारतांचा पट्टा) यांच्या गुणाकाराची दुप्पट करायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. तुमचा प्रवाह ०.८ मिलिअँपिअर आहे. त्यावरून दर वर्गमूळ-हर्ट्झला १६ पिकोअँपिअर येतात, आणि १ किलोओहमवर त्याचे १६ नॅनोव्होल्ट होतात. तुमची केबल, डायोड आणि स्कोप मिळून सुमारे १६० ते १७० पिकोफॅरड होतील, म्हणून तुमची मांडणी १ मेगाहर्ट्झच्या आसपास थांबते. तेव्हा एकूण शॉट नॉइज १६ मायक्रोव्होल्ट एवढाच. १२ मिलिव्होल्टच्या जाडीत तो कोठे दिसणार? तो पाहायचा असेल तर आधी शंभरपट वाढवणारा, स्वतः कमी नॉइज करणारा ॲम्प्लिफायर लागेल.

तो मिळाल्यावर पुढील कसोटी लावा, कारण सगळा उलगडा तिच्यातच आहे. लेसर आणि फोटोडायोड यांच्यामध्ये करडा फिल्टर ठेवून प्रकाश निम्मा करा. पोलरायझरने निम्मा करू नका, नाहीतर मोडची वाटणी पुन्हा आड येईल. प्रकाश निम्मा झाल्यावर यंत्रांचा नॉइज होता तेवढाच राहतो. लेसरची स्वतःची चढउतार व्होल्टेजमध्ये निम्मी होते, कारण ती प्रकाशाच्या प्रमाणात असते. शॉट नॉइज मात्र ०.७१ पट होतो, कारण तो प्रकाशाच्या वर्गमुळाने बदलतो. स्पेक्ट्रम ॲनालायझर असेल तर हेच अनुक्रमे ०, ६ आणि ३ डेसिबलची घट म्हणून दिसते. तीन उगम आणि तीन वेगळ्या चाली, तेव्हा कोणाचे काय ते लपत नाही.

शॉट नॉइजचे प्रमाण माप हवे असेल तर तारेचा जुना टॉर्चचा बल्ब आणि सेल घ्या. लोहार चाळीत असे बल्ब शोधल्यास अजून मिळतात. भिंगाने त्याचा प्रकाश फोटोडायोडवर एकवटा आणि तेवढेच ०.८ व्होल्ट आणा. तापलेल्या तारेच्या प्रकाशात इतके असंख्य मोड असतात की तुमच्या वारंवारतांवर त्याचा नॉइज व्यवहारात शॉट नॉइजएवढाच भरतो. त्याच प्रवाहाला लेसर जो जास्तीचा नॉइज देईल तो लेसरचा स्वतःचा.

कलांतर (पवई)

वरच्या प्रतिसादात मोजमापाचा भाग इतका चोख आला आहे की मी केवळ ‘मुळात निर्माण होतो कोठे’ या प्रश्नाबद्दल लिहितो.

पाठ्यपुस्तकातले वाक्य खोटे नाही, ते अपुरे आहे. लेसरमधला बहुतेक प्रत्येक फोटॉन उद्दीपित उत्सर्जनातून, म्हणजे आधीच्या प्रकाशाने अणूला चेतवल्यामुळे, जन्मतो आणि आधी असलेल्या लाटेशी सूर जुळवूनच येतो. परंतु आइन्स्टाइनने १९१७ च्या लेखात दाखवल्याप्रमाणे जेथे उद्दीपित उत्सर्जन आहे तेथे उत्स्फूर्त उत्सर्जनही, म्हणजे अणूने आपणहून प्रकाश टाकणेही, असतेच, आणि एकाला ठेवून दुसऱ्याला हाकलता येत नाही. लेसर सुरूच मुळी एखाद्या उत्स्फूर्त फोटॉनपासून होतो. नंतरही असे फोटॉन मधूनमधून त्या मोडमध्ये येऊन पडतात, आणि त्यांची कला काहीही असू शकते.

पंढरीच्या वाटेवरची दिंडी डोळ्यांसमोर आणा. शेकडो टाळ एका लयीत वाजत आहेत, आणि एखादा टाळकरी क्षणभर आगेमागे वाजवतो. त्याने आवाज किंचित कमीजास्त झाला तर बाकीचे तो सावरून घेतात. लयीचे मात्र तसे नाही. दिंडीच्या बाहेर उभे राहून ठोका देणारे कोणी नाही. सगळे एकमेकांचे ऐकूनच वाजवतात, म्हणून ती किंचित सरकलेली लय हीच पुढची लय होते. लेसरमध्ये नेमके हेच घडते. लाटेची उंची वाढली तर माध्यमाची वाढवण्याची ताकद घटते, आणि उंची पूर्ववत होते. कलेला मात्र मागे खेचणारे काहीच नसते. प्रत्येक उत्स्फूर्त फोटॉन तिला थोडा धक्का देतो, ते धक्के साचत जातात आणि कला भरकटत जाते. या भरकटण्यामुळेच लेसरचा रंग एका रेषेइतका बारीक न राहता त्याला रुंदी येते.

ही रुंदी किमान किती असेल, याचे सूत्र शॉलो आणि टाउन्स यांनी १९५८ मध्ये, म्हणजे पहिला लेसर चालण्याच्या दोन वर्षे आधी दिले. कॅव्हिटीची, म्हणजे दोन आरशांमधल्या पोकळीची, वारंवारतेतली स्वतःची रुंदी जितकी कमी आणि बाहेर येणारी शक्ती जितकी जास्त, तितका लेसरचा रंग शुद्ध. तुमच्या नळीला ते लावले तर उत्तर हर्ट्झच्या सुमारे हजाराव्या भागाएवढे येते. प्रत्यक्षात तुम्हाला ते कधीच दिसणार नाही, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. लेसरची वारंवारता आरशांमधल्या अंतरावर ठरते. २५ सेंटिमीटरच्या नळीत आरसा १ नॅनोमीटरने हलला तर वारंवारता सुमारे १.९ मेगाहर्ट्झने सरकते. वरचा पंखा, खालच्या मजल्यावरचा पंप, रुळांवरून जाणारी लोकल, यांतले काहीही १ नॅनोमीटरला पुरेसे असते. निसर्गाने घातलेली मर्यादा मिलिहर्ट्झची आणि आपल्या टेबलाची मेगाहर्ट्झची, म्हणजे दोघांत अब्जपटीचा फरक. म्हणूनच वारंवारतेचा नॉइज कमी करणाऱ्या प्रयोगशाळा सर्वाधिक कष्ट टेबल, काच आणि तापमान यांवर घेतात.

डायोड लेसरची गोष्ट निराळी आहे, आणि ती मला फार आवडते. त्याची कॅव्हिटी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, आणि तिचे आरसे म्हणजे स्फटिकाच्या कापलेल्या कडा, ज्या जेमतेम ३० टक्के प्रकाश परतवतात. त्यामुळे कॅव्हिटीची रुंदी प्रचंड असते आणि शॉलो-टाउन्स यांची किमान रुंदीही डोळ्यांत भरण्याइतकी होते. तरीही १९८१ मध्ये फ्लेमिंग आणि मूरेडियन यांनी केलेल्या मोजणीत रुंदी सूत्रापेक्षा कितीतरी पटींनी जास्त भरली. पुढल्या वर्षी बेल लॅबमधल्या चार्ल्स हेन्रीने याचा उलगडा केला. अर्धसंवाहकात फोटॉनांची संख्या बदलली की इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते, ती बदलली की पदार्थाचा अपवर्तनांक बदलतो, आणि अपवर्तनांक बदलला की कला सरकते. म्हणजे वर मी ज्या उंचीच्या धक्क्याबद्दल ‘पूर्ववत होते’ असे लिहिले, तो सावरला जाता जाता कलेला आणखी एक ढकलणी देऊन जातो. हेन्रीने हे अल्फा या एका संख्येत बांधले. रुंदी एक अधिक अल्फाच्या वर्गाइतकी पटीने वाढते, आणि अल्फा ५ असेल तर ती सव्वीसपट होते.

उंचीच्या सावरण्याबद्दलही एक पुस्ती जोडली पाहिजे. सगळे लेसर ती झटकन सावरत नाहीत. एनडी-याग या स्फटिकाच्या लेसरमध्ये उत्तेजित अणू सुमारे २३० मायक्रोसेकंद टिकतात, तर कॅव्हिटीतला फोटॉन त्या मानाने क्षणात बाहेर पडतो. साठा सावकाश भरतो आणि झपाट्याने रिकामा होतो, म्हणून एकदा धक्का बसला की प्रकाश काही काळ झुलत राहतो. हे झुलणे दहा ते शेकडो किलोहर्ट्झवर दिसते, डायोड लेसरमध्ये गिगाहर्ट्झवर दिसते, आणि १९६० च्या पहिल्या माणिक लेसरपाठोपाठच्या प्रयोगांत ते प्रकाशाच्या टोकदार ठिपक्यांच्या माळेसारखे दिसले होते. हेलियम-निऑनमध्ये अणूंचा साठा फोटॉनांइतकाच चपळ असल्याने हे झुलणे नसते. तेव्हा तुमच्या लेसरच्या तीव्रतेत जे सापडेल ते बहुधा नळीतल्या विद्युत विसर्गाचे किंवा उच्चदाबाच्या पुरवठ्याचे असेल.

शॉट नॉइज हा लेसरचा दोष समजू नये. ०.८ मिलिअँपिअर म्हणजे दर मायक्रोसेकंदाला ५ अब्ज इलेक्ट्रॉन, आणि त्यांचे वर्गमूळ सुमारे ७० हजार, म्हणजे दर लाखाला दीडच्या आसपास फरक. ज्या फोटॉनांच्या येण्यात परस्परांशी काही संकेत ठरलेला नाही, त्यांची मोजणी एवढी हलणारच. तो संकेत निर्माण करता येतो, हेही खरे आहे. १९८७ मध्ये जपानमध्ये माचिदा, यामामोटो आणि इताया यांनी डायोड लेसरला अतिशय शांत प्रवाह पुरवून शॉट नॉइजच्या खालचा प्रकाश मिळवला. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळा २०१९ पासून पिळलेला प्रकाश (क्वांटम नॉइज एका बाजूने दाबून कमी केलेला प्रकाश) नियमितपणे वापरत आहेत. आपल्याच राज्यात हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ तशी ४ किलोमीटर बाहूंची वेधशाळा उभी राहणार आहे. या विषयात आज जीव ओतणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना तेथे काम असेल, ही गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते.

अभ्रक (डोंबिवली)

लाल डायोड लेसरच्या उड्यांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. फोटोडायोडच्या काचेवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. फोटोडायोड किरणाला अगदी काटकोनात असेल तर तो परतलेला प्रकाश थेट लेसरच्या पोटात शिरतो आणि लेसरला एक जादाचा, हलता आरसा मिळतो. डायोड लेसर याला अतिशय हळवा असतो. टेबल हलले की त्या जादाच्या आरशाचे अंतर बदलते आणि लेसर एका मोडवरून दुसऱ्यावर जातो. फोटोडायोड पाच-सात अंश कलता करा आणि परतणारा ठिपका लेसरच्या तोंडापासून बाजूला भिंतीवर पडतो आहे याची अंधारात खात्री करा. करडा फिल्टरही असाच कलता ठेवावा.

भिंतीवरच्या ठिपक्यात जी कणीदार चमचम दिसते तिला कृपया नॉइज समजू नये. भिंतीच्या खडबडीतपणामुळे लाटा एकमेकींत मिसळून ती नक्षी होते. तुम्ही मान हलवली की ती सरकते, लेसर मात्र तसाच असतो.

मृगजळ (विलेपार्ले)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. नऊ दिवसांनी लिहिते आहे, कारण सांगितलेले सर्व करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे आम्ही ठरवले होते.

पोलरायझर फिरवत गेल्यावर शांत कोन सापडला. त्या कोनावर ये-जा इतकी लहान झाली की आधी आम्हाला लेसर बंद पडल्याची शंका आली, पण व्होल्टेज व्यवस्थित होता. तेथून ४५ अंश पुढे गेल्यावर ती पुन्हा पूर्वीएवढी मोठी झाली. आमच्या गटातील एकाने दोन फोटोडायोड लावून दोन्ही ध्रुवणे एकाच वेळी कागदावर उतरवली. एकाची रेघ चढते तेव्हा दुसऱ्याची उतरते, आणि बेरीज जवळपास सरळ येते. तो आलेख आम्ही प्रयोगशाळेच्या फलकावर लावला आहे.

काळ्या नळकांड्याने १०० हर्ट्झची लाट गेली. फोटोडायोड झाकल्यावर रेघेची जाडी तसूभरही कमी झाली नाही. म्हणजे तीन आठवडे आम्ही ज्याला क्वांटम नॉइज म्हणत होतो त्या प्रत्यक्षात स्कोपच्या दोन पायऱ्या होत्या. डायोड लेसरच्या उड्या फोटोडायोड कलता केल्यावर थांबल्या. टेबलावर मूठ आपटली तरी येत नाहीत.

शेजारच्या विभागाने १० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारा, शंभरपट वाढवणारा ॲम्प्लिफायर दोन दिवसांसाठी दिला. शांत रात्र हवी म्हणून आम्ही शेवटची लोकल गेल्यानंतरही थांबलो. हेलियम-निऑनने ०.८ व्होल्टला ॲम्प्लिफायरनंतर सुमारे ४० मिलिव्होल्ट नॉइज दिला, आणि करड्या फिल्टरने प्रकाश निम्मा केल्यावर तो २० झाला. म्हणजे तो लेसरचा स्वतःचा. त्यात काही किलोहर्ट्झच्या ठरावीक लाटा स्पष्ट दिसतात, आणि लेसरच्या पुरवठ्याजवळ नुसती तारेची वेटोळी नेली तरी स्कोपवर त्याच वारंवारता उमटतात. टॉर्चच्या बल्बने मात्र तेवढ्याच प्रकाशाला २.० मिलिव्होल्ट दिले, म्हणजे लेसरच्या विसाव्या भागाएवढे. अंधारातला नॉइज वर्ग करून वजा केला आहे. प्रकाश निम्मा केल्यावर १.४ आणि पाव केल्यावर १.०. वर्गमुळाची चाल डोळ्यांदेखत उतरली तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते आणि आम्ही चौघेही काही वेळ काहीच बोललो नाही.

एकच गोष्ट अडली आहे. हिशेबाने १६ मायक्रोव्होल्ट, म्हणजे ॲम्प्लिफायरनंतर १.६ मिलिव्होल्ट यायला हवे होते. आम्हाला २.० मिळाले. ॲम्प्लिफायरची पट दोनदा तपासली, ती शंभरच आहे.

जुना_तंत्रज्ञ (मुलुंड)

तुमचे मोजमाप बरोबर आहे, माझा हिशेब घाईचा होता. १ मेगाहर्ट्झ ही तुमच्या मांडणीची ती वारंवारता आहे जेथे शक्ती निम्मी होते. पण एका रेझिस्टर-कपॅसिटरची घसरण इतकी मंद असते की तिच्या पलीकडचाही पुष्कळ नॉइज आत येतो. नॉइजसाठी धरायची बँडविड्थ अशा मांडणीत पाय (π) या संख्येच्या निम्म्याइतकी पट, म्हणजे १.५७ पट असते. व्होल्टेजमध्ये त्याचे वर्गमूळ १.२५ येते, आणि १.६ गुणिले १.२५ म्हणजे तुमचे २.० मिलिव्होल्ट. प्रकल्पाच्या वहीत बँडविड्थ १ नव्हे, १.५७ मेगाहर्ट्झ अशी लिहा आणि बल्बच्या तिन्ही वाचनांशेजारी अंधारातले वाचनही मूळ स्वरूपात नोंदवून ठेवा.